गोत्राच्या जागी भूगोल

बनारसला बदली झाली तेव्हा सुरुवातीला मी नुसती भांडत होते. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी, बँकेतल्या शिपायाशी, आणि रोज सकाळी दूधवाल्याशी. बढती हवी असेल तर उत्तरेत जावं लागेल असं वरून कळलं, आणि मिरजेत नवरा, सासू, लेक सगळ्यांना ठेवून मी एक बॅग घेऊन आले. हिंदी माझी अशी की समोरच्याला हसूच यावं. मग भांडताना मी सरळ मराठीवर यायची. त्याला कळो न कळो, मला तरी बरं वाटायचं.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत खोली मिळाली होती. एकदा सकाळी दूधवाल्याला झापत होते, "मेल्या, दूध आहे का गंगा आहे ही? लाज नाही वाटत सक्काळी सक्काळी?" तेवढ्यात जिन्यात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वर पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ. धोतर, त्यावर काळा कोट, पायात कॅनव्हासचे बूट. कठड्याला धरून, डोळे मिटून ऐकत होते.

"काय हवंय?" मी त्याच पट्टीत विचारलं.

"काही नाही. चालू द्या," ते म्हणाले. "फार दिवसांनी या घरात कुणी मराठीत रागावलं."

हे टेंभेकर मास्तर. माझे घरमालक, म्हणजे अर्ध्या घराचे. खालचं अर्धं त्यांच्या पुतण्याचं, मुन्नाचं. मुन्नाचा खाली एसटीडी बूथ होता. त्याला मराठी 'जेवा' आणि 'चहा' एवढंच यायचं, आणि त्याच्या पोरांना तेवढंही नाही. पोरं मास्तरांना 'दद्दा' म्हणत आणि काही विचारलं की हिंदीत उत्तर देऊन पळत. मास्तरांची बायको फार लवकर गेली होती. मूलबाळ नाही. आयुष्यभर एका इंटर कॉलेजात भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांची मराठीही मजेची होती. 'मला समजून आलं', 'मतलब काय की', 'जरा ठहरा बाई'. पण मध्येच असा एखादा जुना शब्द टाकायचे की माझ्या आजीनंतर तो मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला ते 'बँकेच्या बाई' म्हणत. नाव ठाऊक असूनही शेवटपर्यंत तेच.

संध्याकाळी मी बँकेतून आले की वरून हाक यायची, "आलाच आहात तर चहा घ्या." जणू सहज. वर जावं तर स्टोव्हवर दोन कपांचं आधण ठेवलेलं. एकदा मी आठवडाभर मिरजेला जाऊन आले तेव्हा मुन्नाची बायको मला हसत म्हणाली, "चाचाजी रोज दो कप बनाते थे, फिर दोनों खुद ही पी जाते थे." मला हसू आलं नाही. वर गेले आणि उगीचच त्यांच्यावर ओरडले, की एवढा चहा पिऊन पित्त होईल म्हणून.

त्यांच्या खोलीत खाट, स्टोव्ह, पुस्तकं, आणि एका भिंतीवर भलामोठा नकाशा. आधी मला वाटलं कागद फिका पडलाय. जवळ जाऊन पाहिलं तर सगळं पाणीच. पार उजवीकडं, डावीकडं, नुसता समुद्र, आणि त्यात खसखस सांडावी तशी बेटं. त्या बेटांवर कुंकवाचे ठिपके.

"हे काय, मास्तर? कुणाकुणाला हळदीकुंकवाला बोलावलंय?"

"या सगळ्या घरी एक शब्द राहतो," ते म्हणाले.

त्याची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी झोपेतही सांगेन. तरुणपणी चौकातल्या कबाड्याकडे ते जुने नकाशे शोधायला जात. तिथं कुणा मिशनऱ्यानं केलेला, न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या भाषेचा एक फाटका कोश हाती लागला. सहज उघडला. एका शब्दाचा अर्थ दिलेला: जमीन. आणि त्याच्याच खाली दुसरा: बाळाची वार. तोच शब्द, तसाच.

"मी कबाड्याच्या दुकानात खालीच बसलो बाई. आपण नाही का विचारत, तुझी नाळ कुठं पुरली? ते लोक पण पुरतात. आपल्याला ती म्हण झाली, त्यांनी त्याचा शब्दच करून टाकला."

मग मास्तर त्या शब्दाच्या मागं लागले ते लागलेच. हातात वेळूची काठी घेऊन नकाशापुढं उभे राहिले की त्यांचा कोट, वय, सगळं नाहीसं व्हायचं. या लोकांचे पूर्वज होड्यांतून निघाले, बाई, होकायंत्र नाही, काही नाही. आणि निघताना हा शब्द बरोबर घेतला. इथं तो 'बनुआ' आहे, याचा अर्थ घर. नुसतं घर, छपराचं. इथं फिलिपीनमध्ये गाव. मलायात 'बनुआ'चं 'बनुवा' होऊन अख्खं खंड झालं. काठी पुढं सरकायची. इथं 'होनुआ', पृथ्वी. इथं टोंगात 'फोनुआ', म्हणजे जमीन, आणि जमिनीवरची माणसं, आणि वारसुद्धा, आणि पुढं आणखी थोडं जोडून म्हटलं की कबर. आणि फिजीत 'वनुआ'.

"मग खरा अर्थ कुठला?" मी विचारायची. बँकेतल्या माणसाला एक काहीतरी लागतं.

"सगळा. जिथं नाळ पुरली, जिथं चूल आहे, जिथली माणसं तुम्हाला ओळखतात आणि जिथं तुम्हाला नेऊन ठेवतात. त्यांच्या मनात ते वेगळं झालंच नाही. आपल्या मनात चार तुकडे आहेत."

त्यांचे तर खरंच चार तुकडे होते. टेंभेकर पाच पिढ्या काशीत, पण सुना आणायच्या देशावरून, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मास्तर थोरले. त्यामुळे जन्म आईच्या माहेरी, साताऱ्याकडच्या एका गावात. सव्वा महिन्यानं आई त्यांना घेऊन काशीला आली ती परत गेलीच नाही. पुढं ते गाव धरणाखाली गेलं. "मतलब काय की माझी वार पाण्यात," ते म्हणायचे, आणि हसायचे. बनारसमध्ये लोक त्यांना 'दक्षिणी' म्हणत. एकदा कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले तर तिथं त्यांची ओळख करून दिली गेली, 'हे बनारसचे भय्ये'. ते मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हसले नाहीत.

आणखी एक गंमत. सगळा जन्म दर्यावर्दी लोकांच्या मागं घालवलेला हा माणूस गंगेत नावेत बसत नसे. "मला गरगरतं," म्हणायचे. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. आणि ज्या शब्दावर एवढा जीव, तो कुणा जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "एकदा तरी कानानं ऐकायला हवा बाई. ज्याचा आहे त्याच्या तोंडून. पुस्तकातला शब्द म्हणजे वाळलेला पापड, तळल्याशिवाय कळत नाही." हे ते अगदी साध्या हावेनं म्हणायचे. बाकी त्यांनी जगाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही.

म्हणून त्या दिवशी बँकेत सूरजबली आला तेव्हा मी काउंटर सोडून पळालेच म्हणायची.

रंगीत फुलांचा शर्ट, पन्नाशीचा माणूस, एक दात सोन्याचा. ट्रॅव्हलर्स चेक मोडायला आला होता. पासपोर्टवर फिजी, आणि पत्त्यात 'वनुआ लेवू' असं बेटाचं नाव! मी त्याला म्हटलं, चेक होईल हो, तुम्ही आधी माझ्याबरोबर घरी चला. त्याला वाटलं काहीतरी भानगड झाली. बिचारा घाबरत घाबरत माझ्यामागं गल्लीत आला, पोटाशी एक कापडी पिशवी धरून.

निघतानाच मुन्नाच्या बूथवर फोन करून मास्तरांना वर्दी दिली होती. वर गेले तर त्यांनी दाढी केलेली, कोट झटकलेला, पोहे केलेले. सूरजबलीला त्यांनी नकाशाखाली, एकुलत्या एका खुर्चीत बसवलं आणि स्वतः हात जोडून समोर उभे राहिले. "आप एक बार बोलिए," ते म्हणाले, "वनुआ."

तो माणूस बघतच राहिला. मग म्हणाला, "वनुआ."

मास्तरांनी डोळे मिटले. "फिर से."

"वनुआ. बाकी मास्टरजी, ऊ हमार नइ है."

मास्तरांनी डोळे उघडले.

"वनुआ हुवाँ के मूल लोग के है. जमीन उनके, मालिक ऊ. हमार आजा जहाज में गइस रहा, गन्ना बोइस. बाप बोइस. हम बोया. सब लीज पर. अब लीज खतम होवे वाला है. हुवाँ हमके बोलते हैं, तुम्हार वनुआ तो इंडिया है."

आजवर मास्तरांच्या डोक्यात एवढी एक गोष्ट कधी आलीच नव्हती, की त्या बेटावर राहणाऱ्या माणसाचा तो शब्द नसूही शकतो. ते खाटेवर बसले. पोहे तसेच राहिले. मग सूरजबलीनं आपणहूनच बाकीचं सांगितलं, एकदा बांध फुटला की थांबत नाही तसं. आजा गाजीपूरकडचा. तो परवा त्या गावी जाऊन आला होता. गावकऱ्यांनी चहासुद्धा विचारला नाही. "बोलिस, हिस्सा माँगे आए हो का?" आणि पिशवीत बापाच्या अस्थी होत्या. मरताना बापानं सांगितलेलं, गंगाजीत सोड. तो घाटावर गेला तर पंड्यानं गोत्र विचारलं. याला ते ठाऊक नाही. "पंडित बोलिस, काश्यप बोल दो. जिसके कुछ नइ मालूम उसके काश्यप चलता." तो उठून निघून आला होता. "हमके लगा, कोई दूसरे के बाप के नाम से हमार बाप जाई."

आणि मोठा सोन्याचा दात असलेला तो माणूस पिशवी मांडीवर घेऊन रडायला लागला. मी पाणी आणायला उठले.

परत आले तर मास्तर नकाशापुढं उभे. काठी नव्हती हातात, बोटच. "आपके पिताजी का खेत किस नदी पर था?"

"लंबासा नदी."

"इधर?"

"थोड़ा नीचे. हाँ, हियाँ."

मास्तर माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "बाई, उद्या सुट्टी घ्या."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टेंभेकरांचं घर मुळात उपाध्यांचं. देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगायचे हाच पाच पिढ्यांचा धंदा, आणि मास्तरांनी तो विशीत टाकलेला, त्यावरून वडिलांनी त्यांच्याशी मरेपर्यंत अबोला धरलेला. "माझे आजोबा," ते दुसऱ्या दिवशी घाट उतरताना म्हणाले, "अखेरच्या वर्षात गंगेत उभे राहून संकल्प सांगायचे आणि भागीरथीच्या जागी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणून जायचे. जन्म काशीतला, गोदावरी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. वडील ओशाळून दुरुस्त करायचे. मला वाटायचं, करू नये. म्हाताऱ्याला तिथंच वाटत असेल तर असू दे."

घाटावर आमच्याभोवती मंडळी जमली. मास्तर पंचांगवाल्या घरातले असूनही पंचा नेसून विधीला बसलेले कुणी पाहिलेच नव्हते. त्यांनी सूरजबलीच्या बोटात दर्भ घातला, ओंजळीत पाणी दिलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. जंबुद्वीप झालं, भरतखंड झालं, भागीरथीचा पश्चिम तीर झाला. मग जिथं मृताचं गोत्र यायचं तिथं ते आले, आणि त्याच चालीत म्हणाले, "महासागरमध्ये, फिजीद्वीपेषु, वनुआलेवुद्वीपे, लम्बासानद्यास्तीरे निवासिनः..." आणि पुढं सूरजबलीच्या बापाचं नाव.

शेजारच्या छत्रीखालचा पंडा ताडकन उठला. "ई का होत हौ मास्टर? गोत्र की जगह भूगोल?"

"हाँ, भूगोल," मास्तर म्हणाले. "चालीस साल वही पढ़ाया है. इनका बाप वहाँ था. वहीं जिया, वहीं मरा. जो जहाँ का है, वहाँ का बोलो. काश्यप को क्यों तकलीफ देते हो?"

चार माणसं हसली, एक जण धर्म बुडाला म्हणून तरातरा निघून गेला. मास्तरांनी लक्षच दिलं नाही. आणि मग, देवाशप्पथ, ते नावेत बसले. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, तोंड पांढरंफटक. मध्यधारेत गेल्यावर सूरजबलीनं अस्थी सोडल्या. मग पाण्याकडं बघत बापाला म्हणाला, अगदी हळू, "बाबू, तुम्हार वनुआ के नाम गंगाजी सुन लिहिन."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, फळी सोडायची भीती. मी पदरानं पुसलं. लाज कसली त्यात.

सूरजबली दोन दिवसांनी गेला. जाताना त्यानं मास्तरांच्या पाया पडून विचारलं, "और आपके गाँव कहाँ, मास्टरजी?" मास्तर 'यहीं, यहीं' म्हणाले आणि घाईघाईनं आत गेले. पण तो प्रश्न त्यांना लागला. त्यानंतर नकाशापुढं फारसे उभे राहिले नाहीत. चहा घेताना मध्येच म्हणायचे, "गोत्र तर मला आहे बाई. ते काही अडत नाही. पण हा प्रकार मीच काढला. आता माझ्या वेळी ती जागा कोण भरणार, आणि काय भरणार? मुन्नाला तर संकल्प वाचता पण येत नाही."

"मी म्हणेन की," मी एकदा वैतागून म्हटलं.

"बायका म्हणत नाहीत."

"गप्प बसा. कोण अडवतंय बघते."

आणि खरंच त्यांनी मला शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी गच्चीवर, माकडांना हाकलत. माझे उच्चार म्हणजे आनंदच, पण ते चिडत नसत. एकाच जागी गाडी अडायची. एक दिवस म्हणायचे, काशी म्हणा. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "नको. काशीत सगळे मरायला येतात, काशीचं असं कोण असतं?" मग आईचं गाव म्हणून पाहिलं. "ते मी पाहिलंच नाही. आता तर माशांनीच पाहिलेलं." मी म्हटलं, मास्तर, मिरजेला चला माझ्याबरोबर, नदी आहे आमच्याकडं, माणसं आहेत, दिवसभर मराठीत भांडतात. ते खूप हसले. मग म्हणाले, "तिथं मी पाहुणा बाई. पाहुण्याला सगळे प्रेमानं वागवतात, तेच जड जातं."

पुढं माझी बदली झाली, आणि मी मिरजेला परतले. मास्तर गेल्याचं मला मुन्नाच्या फोनवरून कळलं. सगळं रीतसर केलं म्हणाला, पंडितजींनी सगळं सांगितलं. मी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेवर गेले. घरच्यांनी वेड्यात काढलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळा संकल्प म्हटला, अडखळत, पण पुरा. मास्तरांनी सांगितलं होतं अगदी तसाच.

ते सांगितलं होतं निघायच्या दिवशी. माझी बॅग त्यांनी हट्टानं स्वतः उचलली होती, गल्लीच्या तोंडापर्यंत. रिक्षा उभी होती, भोवती हॉर्न, सायकली, कचोरीवाल्याची गर्दी. मी चढून बसले आणि मग न राहवून विचारलं, "मास्तर, ठरवा ना एकदाचं. त्या जागी काय म्हणू?"

ते रिक्षाचा दांडा धरून उभे राहिले. रिक्षावाला कुरकुरला. ते विचार करत होते, खरोखरच, वर्गात पोरानं अवघड प्रश्न विचारल्यावर करत असतील तसा.

"तिथं आलात की जरा थांबा," ते म्हणाले. "काही म्हणू नका. एक श्वास थांबा आणि पुढं चला."

आणि दांडा सोडून, कोटाची बटणं लावत, ते गल्लीत परत फिरले.